अस्तर कापडात शिरलं होतं

एप्रिलचे दिवस होते आणि आमच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात सीझन ऐन भरात होता. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल पोचायला हवा, त्यामुळे मार्चपासून सोलापुरात शिलाईच्या कामात असलेल्या कुणालाच मान वर करायला सवड नसते. मी चेकिंगच्या टेबलावर असते. शर्ट आला की उलटा करायचा, शिलाई बघायची, सुटलेले दोरे कापायचे, काज-बटण तपासायचं. त्या दिवशी पांढऱ्या शर्टांचा ढीग पुढ्यात होता. दोन तास बसून झाले असतील. उठले, तशी शेजारच्या टेबलावरची पोरगी काही न बोलता माझ्या मागे आली आणि निळ्या पँटच्या कापडाचा मोठा तुकडा तिने माझ्या कमरेभोवती गुंडाळला. मग माझं स्टूल उचललं आणि नळावर धुवायला घेऊन गेली.

मी एकावर एक दोन पॅड लावले होते. दोन तासांत ते भिजून, साडीतून स्टुलापर्यंत गेलं होतं.

ती पोरगी बावीस वर्षांची आहे. तिने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. घरी येऊन मी रडले, कारण चार वर्षं मी हे असंच अंगावर काढलं होतं.

माझं वय तेव्हा ४२. दोन मुलं, दोन्ही सिझरची. अडतिसाव्या वर्षापासून पाळी बदलली. पाच दिवसांचे आठ झाले, मग नऊ. पहिले तीन दिवस जांभळाएवढ्या गाठी पडायच्या. रात्री अंगाखाली रबरी कापड, त्यावर जुन्या सोलापुरी चादरीची घडी, आणि तरी पहाटे उठून धुणं. आमच्याकडे तेव्हा नळाला पाणी यायचं चार-पाच दिवसांनी. त्यात रोज चादर धुवायची म्हणजे काय, ते इथल्या बाईलाच कळेल. दुखणं तर पाळीच्या आधी दोन दिवस सुरू व्हायचं. ओटीपोटात कुणी आतून पिळतंय असं, मग कंबर, मग मांड्या. जिना चढताना धाप लागायची. कच्चे तांदूळ खावेसे वाटायचे. डबा उघडून मूठभर तोंडात टाकायची. अंगात लोह कमी झालं की असं होतं, हे मला नंतर कळलं. "बायकांचं असतंच की गं," असं सगळ्या म्हणायच्या आणि मीही तेच म्हणत होते.

स्टुलाच्या त्या दिवसानंतर ह्यांनी सुट्टी टाकली आणि मला दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन निघालं ६.९. सोनोग्राफीत गर्भपिशवी मोठी दिसली. त्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, मान वर केली आणि म्हणाले, "दोन मुलं झालीत ना? मग पिशवीचं काय काम आता? दोन बाटल्या रक्त चढवू आणि काढून टाकू." सगळं मिळून पाच मिनिटं. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "पिशवीला सूज आहे."

मला ते खटकलं. ऑपरेशनची भीती होती, नाही असं नाही. पण आमच्या चुलत जावेची पिशवी बत्तिसाव्या वर्षी काढली होती, अंडाशयासकट, आणि तिला ते घरी आल्यावर कळलं. तेव्हापासून तिच्या अंगाची लाही होते, झोप नाही, आणि हाडं आत्ताच म्हातारीसारखी झालीत. ती दर साल ऊसतोडीला जायची. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी आली होती, नीलमताई गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली होती, तेव्हा टीव्हीसमोर बसून ती एवढंच म्हणाली होती, "मला कुणी विचारलंच नाही." ते वाक्य माझ्या डोक्यात होतं. काही बायकांना पिशवी काढल्याशिवाय गत्यंतर नसतं हे मला मान्य आहे, आणि ज्यांनी समजून-उमजून काढली त्या सुटल्याही आहेत. पण आजाराचं नावसुद्धा न कळता काढायची, हे मनाला पटेना. ह्यांना म्हटलं, आणखी एका डॉक्टरांना दाखवू. एकदाच.

दुसऱ्या होत्या डॉक्टरबाई. त्यांनी आधी मला बोलू दिलं. पॅड किती लागतात, गाठी पडतात का, दुखणं पाळीच्या आधी की पाळीत, संबंधाच्या वेळी दुखतं का, सगळं विचारलं. मग आतून सोनोग्राफी केली आणि पडदा माझ्याकडे वळवला. पिशवीची लांबी ११.२ सेंटीमीटर होती. एरवी मुलं झालेल्या बाईची आठ-नऊच्या आसपास असते. मागची भिंत पुढच्या भिंतीपेक्षा जवळजवळ दुप्पट जाड. त्या जाड भिंतीत बारीक काळे ठिपके आणि वरून खाली पडलेल्या रेघारेघांच्या सावल्या.

त्यांनी नाव सांगितलं, ॲडिनोमायोसिस. मला काही बोध झाला नाही. मग त्यांनी विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, शिलाईत आहे. तर त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला लगेच कळेल. पिशवीला आतून अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं आणि पाळीत गळून पडतं. बाहेरचं जाड कापड म्हणजे स्नायू. तुमच्यात अस्तर त्या कापडात शिरलंय. तिथेही ते वाढतं, त्याला सूज येते, पण बाहेर पडायला वाट नाही. म्हणून कापड फुगलंय, म्हणून दुखतं, म्हणून एवढं जातं."

मला खरंच लगेच कळलं. कोटाचं अस्तर वेगळं करता येतं, उसवून नवं लावता येतं. पण फ्यूजिंग, म्हणजे कॉलरला कडक करायला गरम इस्त्रीने चिकटवतात ते अस्तर, कापडाला चिकटून बसलं की मग ते वेगळं निघत नाही, ओढायला गेलं तर कापड फाटतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, अगदी तसंच. फायब्रॉइडची गाठ असते तिला कड असते, ती सोलून काढता येते. याला कड नसते. म्हणूनच हा आजार मुळासकट घालवायचा तर पिशवीच काढावी लागते. पण मुळासकट घालवायलाच हवा असंही नाही. पाळी कायमची गेली की तो आपोआप शांत होतो. मधली वर्षं नीट जावीत एवढं बघायचं.

मग त्यांनी वाटा सांगितल्या. पाळीपुरत्या रक्त थांबवायच्या आणि दुखण्याच्या गोळ्या, त्या मी आधीही घेतलेल्या. रोज घ्यायची हार्मोनची गोळी, डायनोजेस्ट, दुखण्यावर चांगली, पण चुकवायची नाही. पाळी बंद ठेवणारी महिन्याची इंजेक्शनं, ती फार काळ देत नाहीत, हाडं ठिसूळ होतात. ऑपरेशन. आणि पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी.

तांबी म्हटल्याबरोबर मी आणि हे दोघेही दचकलो. आमच्या गल्लीत तांबी बसवून ज्यांना जास्त जायला लागलं अशा तीन बायका मला माहीत आहेत. डॉक्टरबाईंनी ड्रॉवरमधून नमुना काढून माझ्या तळहातावर ठेवला. पांढरी, इंग्रजी टी अक्षरासारखी, सव्वातीन सेंटीमीटर. शर्टाच्या कॉलरमध्ये घालतो ती प्लास्टिकची पट्टी हिच्यापुढे मोठी वाटेल. खाली दोन बारीक दोरे. साध्या तांबीवर तांब्याची तार असते आणि त्याने रक्तस्राव वाढू शकतो. हिच्यात तांबं नाहीच. हिच्या दांड्यावर ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं, आणि ते सुरुवातीला रोज साधारण २० मायक्रोग्रॅम असं थेंबाथेंबाने पिशवीतच झिरपतं. हेच औषध 'दुसऱ्या दिवशीच्या' गर्भनिरोधक गोळीत एका वेळी दीड मिलिग्रॅम असतं. ह्यांनी तिथेच मोबाइलवर भागाकार केला. त्या एका गोळीएवढं औषध सुटायला हिला ७५ दिवस लागतात. अस्तर त्याने पातळ होतं, वाढतच नाही. रक्त कमी, कळ आणणारी रसायनं कमी. पाच वर्षं चालते. नको वाटली तर कधीही काढता येते. मिरेना हे नाव बऱ्याच जणींनी ऐकलेलं असतं. भारतात बनणाऱ्याही मिळतात.

आणि मग त्यांनी जे सांगितलं, त्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. त्या म्हणाल्या, "ही जादू नाही. पहिले तीन ते सहा महिने रोज थोडं थोडं लागत राहील. तुम्ही कंटाळाल. बऱ्याच बायका तिसऱ्या महिन्यात येतात आणि काढून टाका म्हणतात. तुमची पिशवी मोठी आहे, त्यामुळे ती सरकून बाहेर पडायचा धोका इतरांपेक्षा जास्त. आणि हिने भागलं नाही, तर ऑपरेशनचा रस्ता आहेच, तो कुठे जात नाही. सहा महिने देणार असाल तरच बसवू."

घरी आत्याबाईंना (माझ्या सासूबाईंना) सांगितलं. त्यांचा एकच प्रश्न होता. "अंगावर गेलंच नाही, तर घाण आत साठायची नाही का गं?" हा प्रश्न मला नंतर दहा बायकांनी विचारला, म्हणून उत्तर लिहिते. पाळीत जातं ते त्या महिन्यात वाढलेलं अस्तर आणि रक्त, घाण नव्हे. अस्तर वाढलंच नाही तर गळायचं काय आणि साठायचं काय? अंडाशय बहुतेक बायकांत आपलं काम करत राहतात, म्हणून पाळी थांबली तरी ते म्हातारपण नव्हे.

लगेच बसवली नाही. आधी रक्त भरून काढलं, बाटल्या न चढवता. लोहाचं इंजेक्शन सलाइनमधून, एक हजार मिलिग्रॅम, पाऊण तासात घरी. आठवड्याने पाचशेचं आणखी एक. मे महिन्याच्या शेवटी हिमोग्लोबिन ९.८ झालं आणि तांदळाच्या डब्याकडे जाणं आपोआप थांबलं. वय चाळिशीच्या पुढे, म्हणून अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. त्यात कॅन्सरची शंका नाही हे कळल्याशिवाय त्या पुढे जाणार नव्हत्या. तो रिपोर्ट यायचे आठ दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. रिपोर्ट चांगला आला.

जुलैमध्ये सीझन संपला आणि पाळीच्या सातव्या दिवशी बसवायचं ठरलं. गर्भ नाही याची खात्री असते आणि वाहणं कमी झालेलं असतं, नाहीतर जोरात जाणाऱ्या रक्ताबरोबर तीही निसटते. तासभर आधी दुखण्याची गोळी घेतली होती. टेबलावर झोपले. आधी चोचीसारखं उपकरण, थंडगार. मग औषधाचा बोळा. मग पिशवीचं तोंड चिमट्याने धरलं, तेव्हा एक चावा घेतल्यासारखं झालं. "आता लांबी मोजते, खोकल्यासारखं करा," असं म्हणून त्यांनी सळई आत घातली आणि तिथे मला कळ आली. बाळंतपणाच्या कळा मी पाहिल्या नव्हत्या, दोन्ही सिझर ठरवून झालेली. ही कळ तशीच असावी असं सिस्टर म्हणाल्या. साडेनऊ सेंटीमीटर. मग नळी, मग आणखी एक कळ, पहिल्याहून मोठी, पाठीतून पायापर्यंत. "झालं, झालं," आणि कात्रीचा कच् असा आवाज. दिवसभर दोरे कापणारी मी, तो आवाज ओळखीचा होता. दोरे तीन सेंटीमीटर ठेवून कापले.

दहा मिनिटंही लागली नसतील. पण उठायला गेले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, कपाळाला गार घाम. सिस्टरने परत झोपवलं, पाय वर केले. असं काही बायकांना होतं, घाबरायचं नसतं. वीस मिनिटांनी चहा प्यायले आणि रिक्षाने घरी आले. सोबत कुणीतरी असावंच, एकटीने जाऊ नये. दोन दिवस पाळीसारखं दुखलं.

त्यानंतरचे महिने हीच खरी परीक्षा. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज लाल ठिपका द्यायचं ठरवलं, ज्या दिवशी थोडं जरी लागेल त्या दिवशी. ऑगस्टमध्ये ठिपके झाले २४. सप्टेंबरमध्ये २१. महिन्यातले सात-नऊ दिवस सोडले तर रोज. तपकिरी डाग, कधी लाल, बारीक पॅड पुरेल एवढंच, पण रोज. मांडीला पॅडची घासण, अंगाला वास आल्यासारखं वाटणं. हनुवटीवर पोरीसारखी मुरमं. छाती जड. मन उगाच भरून यायचं, धाकट्यावर ओरडायची आणि नंतर वाईट वाटायचं.

आणखी एक अडचण होती जी डॉक्टरांना कशी माहीत असणार. आमच्या घरात पाळीचे चार दिवस देवाला शिवत नाहीत. आता चोवीस दिवस डाग, मग देवापुढे दिवा कोणी लावायचा? श्रावण होता. आत्याबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना देवघरात खाली बसता येत नाही. दोन आठवडे धाकट्याने लावला. मग एका सोमवारी त्या मला म्हणाल्या, "चोवीस दिवस कोण बाजूला बसतं? औषधाचं आहे ते. हात-पाय धू आणि लाव तू." मी लावला. त्या दिवसानंतर आमच्या घरात तो विषय निघालेला नाही, थोरलीच्या पाळीतसुद्धा. ती चौदा वर्षांची आहे. मला बरं होण्याइतकंच हे मोलाचं वाटतं.

ऑक्टोबरात, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं अगदी तसंच, मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, काढून टाका. त्यांनी नाही म्हटलं नाही. आधी सोनोग्राफी करून तांबी जागेवर आहे हे दाखवलं. मग माझं कॅलेंडर मागितलं. ते मी घडी करून पर्समध्ये नेलं होतं. त्या म्हणाल्या, "ठिपके मोजलेत. पॅड मोजलेत का? गाठी?" मी आठवायला लागले. गाठी जुलैनंतर एकही नाही. दोन-दोन पॅड एकदाही नाही. दुखण्याच्या गोळ्या पाळीमागे नऊ-दहा घ्यायची, त्या महिन्यात तीन. रात्रीचं रबरी कापड कधी काढून ठेवलं तेही आठवेना. हिमोग्लोबिन ११.४. मी सगळं लक्ष डागांवर ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, आणखी तीन महिने बघू, मग तुम्ही म्हणाल ते. दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या, डाग कमी व्हायला.

ऑक्टोबरचे ठिपके १९. नोव्हेंबर ११. डिसेंबर ७.

जानेवारीत गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वरांची यात्रा. अक्षता सोहळ्याला नंदीध्वज येईपर्यंत सम्मती कट्ट्याजवळ उभं राहायचं म्हणजे दोन-तीन तास गर्दीतून हलता येत नाही. चार वर्षं मी गेले नव्हते, पाळीची तारीख असो वा नसो, भरवसाच नव्हता. यंदा थोरलीला घेऊन गेले. सगळीकडे पांढऱ्या बाराबंद्या, मध्ये उंच नंदीध्वज, आणि हजारो हात एकदम अक्षता टाकणारे. पाय दुखले, एवढंच.

त्या महिन्यात ठिपके ४. हिमोग्लोबिन १२.१. सोनोग्राफीत पिशवी १०.३, म्हणजे थोडी उतरली आहे, पण जाड भिंत अजून जाडच आहे. आजार गेलेला नाही, आणि तांबी काढली तर सगळं परत येऊ शकतं, हे मला ठाऊक आहे. वजन दोन किलो वाढलंय, त्याचं कारण तांबी की सुधारलेली भूक, सांगता येत नाही. मुरमं गेली. महिन्यातून एकदा मी दोरे बोटाने तपासते. दोरा लांब लागला, हातालाच लागला नाही, किंवा कडक टोक टोचलं, तर जाऊन दाखवायचं. अचानक पुन्हा जास्त जायला लागलं किंवा ताप येऊन ओटीपोट दुखलं, तरी थांबायचं नाही.

आमच्याच कारखान्यात बाह्या लावणाऱ्या एकीने माझं बघून बसवली. तिची तीन महिन्यांत आपोआप बाहेर आली. पुन्हा बसवली, पुन्हा तेच. शेवटी तिने पिशवी काढली, अंडाशय ठेवून, सगळं समजून घेऊन. ती आता बरी आहे. तिच्याकडे बघून कुणी म्हणतं, बघ, उगाच खर्च केला. मला तसं वाटत नाही. तिला आजाराचं नाव माहीत होतं, काय काढतायत आणि काय ठेवतायत ते माहीत होतं. आमच्या चुलत जावेला यातलं काहीच मिळालं नाही.

डॉक्टरबाईंनी एक छोटं कार्ड दिलंय, बसवल्याची तारीख आणि बदलायची तारीख लिहिलेलं. ते मी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय आणि थोरलीला दाखवून ठेवलंय. पाच वर्षांनी मी सत्तेचाळीस वर्षांची असेन. माझ्या आईची पाळी पन्नाशीत गेली. म्हणजे मधल्या वर्षांसाठी बहुतेक आणखी एक बसवावी लागेल, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, चालेल, पण जुलैत बसवू, सीझन संपल्यावर.